सुरकुत्या पुसण्याचं दुकान

फोटो स्टुडिओत दिवसभर बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. माणूस स्टुलावर बसतो, हनुवटी वर करतो आणि आपोआप बोलायला लागतो! अकोल्याला जठारपेठेत रशीदभाईंच्या स्टुडिओत मी टचिंग करायचो. म्हणजे कॉम्प्युटरवर लोकांच्या सुरकुत्या पुसायचो. आजही दुपारी जरा डोळा लागला की ते चेहरे येतात, एकेक करून स्टुलावर बसतात.

*

अकोला-अमरावती गाडीचा एक एसटी ड्रायव्हर आला. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर सुरकुत्याच सुरकुत्या!

"खिडकीचं ऊन हाय, मामा," रशीदभाई म्हणाले. "काचेतूनबी चमडी जाळते."

ड्रायव्हर विचारात पडला. "पन मी जातो तसा वापसबी येतो ना! मंग ऊन दुसऱ्या गालावर कावून नाई पडत?"

"दुसऱ्या बाजूले प्याशिंजर बसते, मामा!"

*

एका आजोबांना पासपोर्ट फोटो हवा होता. गरमीनं त्यांनी वरची दोन बटणं उघडली. चेहरा पार रापलेला, पण बनियनखालची कातडी कोवळी, तिनं कधी ऊनच पाहिलं नव्हतं. आजोबा आरशात बराच वेळ बघत राहिले.

"बापू, इतलाच फोटो काढ ना," छातीवर हात ठेवून म्हणाले, "हेबी मीच हावो!"

*

रशीदभाईंचं अर्धं आयुष्य डार्करूममध्ये, पाण्यात हात घालून गेलेलं. ते म्हणायचे, "पाण्याची सुरकुती घंट्याभरात जाते. बाकीच्या नाई जात. वय झालं का चमडी पातळ होते, तिचा ताण जाते. मंग जे रोज केलं त्याची घडी पडते. हासनाऱ्याले हासल्याची, रडनाऱ्याले रडल्याची."

"मग तुमच्या दोन भुवयांमधली कशाची?"

"तुहं टचिंग पाहू पाहू!"

*

टचिंगमध्ये माझं सगळ्यात सुंदर काम म्हणजे गंगूबाई. निराधार योजनेच्या पगारासाठी त्यांना फोटो लागत होता. मी इतक्या मायेनं सुरकुत्या पुसल्या की विचारू नका! चौथ्या दिवशी गंगूबाई परत हजर.

"साहेब म्हनते, बाई, तू तं चाळिशीची दिसतं! लाजली ना मी. पन पगार अडकला! माह्या सुरकुत्या वापस दे!"

दिल्या.

*

आणि ही पातूरकडची बाई. पदराची गाठ सोडून तिनं एक जुना फोटो बाहेर काढला. नवऱ्याचा, अठ्ठाविशीतला. कापसाच्या त्या वाईट वर्षांत तो गेला, तेव्हा पोरगी नुकती शाळेत जायला लागली होती. आता आठ दिवसांवर तिचं लग्न. मांडवात बाप पाहिजेच, असा तिचा हट्ट.

"पन जवाईबी अठ्ठावीसचाच हाय," बाई म्हणाली. "दोघं भाऊभाऊ दिसतीन! याले माह्या वयाचा करून दे."

मी आयुष्यभर पुसत आलो, नव्या सुरकुत्या कधी घातल्याच नव्हत्या. कुठं घालायच्या? शेवटी तिलाच कॉम्प्युटरजवळ खुर्ची दिली.

तिनं काचेवर बोट ठेवलं. "इतं घाल, डोयाच्या कोनाले. सारखा आभायाकडं पाहे ना."

मी घातल्या.

"डाव्या गालाले एक. हासला का तितंच खड्डा पडे." सांगताना ती स्वतःच हसली.

हळूहळू तो तिच्या वयाचा होत गेला. कानाजवळचे केस पांढरे केले तेव्हा तिनं पदर सारखा केला. रशीदभाई मागं येऊन कधी उभे राहिले, कळलंच नाही.

"कपाळावर दोन-तीन ओढू?" मी विचारलं. "या वयात असतातच."

"नोको!" तिनं काचेवर अख्खा तळवाच ठेवला. "कपाय साफ राहू दे. लय कायजी केली त्यानं. पोरीच्या लग्नात तं नोको."