दुसऱ्या खोलीचा रंग

माझी मैत्रीण यवतमाळला परत गेली, त्याला आता दोन दिवाळ्या होऊन गेल्या. तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला, घरी बघणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं नोकरी सोडली, दोन बॅगा आणि पंखा घेतला आणि गेली. पंखा तिचा स्वतःचा होता, उभा, निळ्या पात्यांचा. बाकी सगळं ठेवून गेली.

त्याआधी पुण्याच्या मांजरी भागातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी आठ-नऊ वर्षं एकत्र राहिलो होतो. मी मूळची वर्ध्याची. पुण्यात आले तेव्हा हडपसरच्या एका लेडीज होस्टेलमध्ये आमची ओळख झाली. मेसच्या रांगेत ती माझ्यापुढे उभी होती आणि ताटातल्या भाजीकडे बघून स्वतःशीच म्हणाली, "हे काय होय वं माय?" मला इतकं हसू आलं की हातातली वाटी पडली. पुढे मी फ्लॅट घेतला तेव्हा ती आपसूकच बरोबर आली. फ्लॅट माझ्या नावावर होता, पण घर तिनं लावलं होतं. माझं लग्न झालं नाही, तिचं मोडलं होतं. या दोन्ही गोष्टींवर आम्ही फारसं कधी बोललो नाही, तशी गरजही पडली नाही.

कुणाचा नवरा जातो, आई जाते, तेव्हा लोक भेटायला येतात. ऑफिसातून रजा मिळते. मैत्रीण गावी राहायला गेली याला आपल्याकडे काही नाव नाही. मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करते. तिथल्या सहकारिणी म्हणाल्या, "बरं झालं, एक खोली मोकळी झाली तुला." मीही हो म्हणाले.

मग घरात मला काही सापडेनासं झालं. सगळ्या डब्यांच्या जागा तिनं ठरवलेल्या. जिरं कुठं, कात्री कुठं, गॅसवाल्याचा नंबर कुठं चिकटवलाय, हे विचारायची मला सवय होती, शोधायची नव्हती. एका रविवारी लिंबू सरबतासाठी साखर शोधता शोधता मी ओट्याखालचं अख्खं कपाट जमिनीवर काढलं. साखर पहिल्याच फळीवर होती, पोह्यांच्या डब्यामागे. ते सगळं पुन्हा आत ठेवायला घेतलं आणि मध्येच थांबले. हे जसं होतं तसंच ठेवायचं, की मला सापडेल असं ठेवायचं? बराच वेळ त्या डब्यांच्या मधोमध बसून राहिले. शेवटी माझ्या हाताशी येईल असं लावलं. तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली झाली. चपलांचा रॅक दाराबाहेरून आत आणला, कारण पावसाचं पाणी जिन्यापर्यंत यायचं. मग उरली तिची खोली. तिथल्या उत्तरेच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले होते. ती असताना दर उन्हाळ्यात म्हणायची, "यंदा आपण दोघी मिळून रंगवू." दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं. मी ठरवलं, रंगारी बोलवायचा नाही. रंगारी दोन दिवसांत काम करून गेला असता, आणि मला दोन दिवसांत संपणारं काम नको होतं.

एका शनिवारी दुपारी कसबा पेठेत गेले. स्कुटी लांब लावून गल्ल्यांतून चालत एका जुन्या रंगाच्या दुकानात शिरले. दुकानदारानं विचारलं, "कारागीर कोण आहे?"

"मीच."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग ब्रश दोन न्या. एक वाया जाईलच."

रंगाच्या पट्ट्यांचं पुस्तक त्यानं माझ्यापुढे टाकलं. तिला कच्च्या लिंबासारखा हिरवा आवडायचा. मला तो कधीच आवडला नव्हता, हॉस्पिटलसारखा वाटायचा. बोट मात्र त्याच पट्टीवर गेलं. परत येताना पुढच्या गल्लीत एक बाई दारात बसून बांबूच्या टोपल्या विणत होती. तिच्याकडून दोन टोपल्या घेतल्या, एक कांद्यांसाठी, एक नुसतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात गेले, फळांच्या रिकाम्या लाकडी पेट्या मिळतात का बघायला. त्यांची फळ्यांसारखी मांडणी करायची असं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. सफरचंदांच्या पेट्यांचा मोठा ढीग पडला होता. दोरीनं पेट्या बांधून देताना हमालानं विचारलं, "ताई, दुकान टाकताय काय?"

"नाही हो, घरात पुस्तकं ठेवायला."

"मोठं घर दिसतंय. किती माणसं?"

"दोघी," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. सोलापूर रोडच्या गर्दीतून पेट्या सांभाळत येताना सगळा वेळ तेच डोक्यात होतं.

भिंत खरवडायला मला वाटलं त्याच्या तिप्पट वेळ लागला. पत्र्याच्या पट्टीनं पापुद्रे काढायचे, मग सँडपेपर घासायचा, मग भेगांत पुट्टी भरून ती वाळेपर्यंत थांबायचं. नाकातोंडात पांढरी धूळ. कामाला हात लागले की डोकं मोकळं होतं असं लोक म्हणतात. माझं झालं नाही. उलट हाताला काम असलं की मला तिच्याशी बोलावंसं वाटायचं. "बघ वं, इथं केवढं मोठं भोक निघालं," असं मी एकदा मोठ्यानं म्हणाले. त्या रिकाम्या खोलीत आवाज असा काही घुमला की मी रेडिओ लावला. खरं सांगायचं तर मला तिच्याइतकीच आमची ती वऱ्हाडी भाषा आठवायची. दिवसभर ऑफिसात 'आपण', 'नाही का', 'बरं का' करून घरी आल्यावर दार लोटलं की आम्ही दोघी "काय करून राहिली?" वर यायचो. पायातले घट्ट बूट काढावेत तसं वाटायचं. आता घरातही मी ऑफिसातलंच बोलत होते, आणि तेही कुणाशी नाही.

पहिला हात देऊन झाला त्या दुपारी मी खिडक्या उघड्या ठेवल्या. आमच्या इमारतीमागे अजून थोडा ऊस उरलाय. तोडणी झाल्यावर शेतकऱ्यानं वाळकं पाचट पेटवलं. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. परत आले तर काजळीचे काळे तुरे हवेत तरंगत आत येत होते आणि ओल्या भिंतीवर अलगद चिकटत होते. एक पुसायला गेले तर बोटभर लांब काळी रेघ उठली. दुसरा पुसला, दुसरी रेघ. मी जमिनीवरच्या वर्तमानपत्रांवर बसले आणि रडले. काजळीसाठी एवढं रडत नाही कुणी.

त्याच वेळी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडून मी भोकं पाडायचं मशीन मागून आणलं होतं. माझा अवतार पाहून त्या म्हणाल्या, "रंग भिंतीला द्यायचाय ना? मग केसांना कशाला?"

त्या आत आल्या, भिंत पाहिली, माझे डोळे पाहिले, आणि आवाज जरासा खाली आणून म्हणाल्या, "पुसू नका आता. वाळू द्या. उद्या कोरड्या फडक्यानं झटका, बरंचसं निघेल. आणि खिडकी लावा आधी, की शेतकऱ्याला निरोप धाडायचाय?" मशीनचं त्यांनी विचारलंच नाही. ते तसंच माझ्याकडे ठेवून गेल्या.

दुसरा हात दिला. ओला असताना फिका दिसणारा रंग वाळल्यावर गडद झाला, पण वाईट दिसत नव्हता. पेट्या घासून वॉर्निश केल्या, भिंतीत स्क्रू बसवून एकावर एक टांगल्या. पहिली तिरकी लागली. ती काढून पुन्हा लावली. तिची राहिलेली पुस्तकं त्यांत मांडली, पलंगावर धुतलेली चादर घातली. ती फोनवर विचारायची, "काय चालू आहे?" मी म्हणायचे, "काही नाही, आवरून राहिली." खोलीचं मी तिला सांगितलं नव्हतं. ती येईल तेव्हा बघेल, असं मनात होतं.

ती आली. चुलत भावाचं लग्न फुरसुंगीला होतं. आईला दोन दिवस मावशीवर सोपवून ती आली होती, मुक्काम लग्नघरीच. "पण चहाले येतो तुझ्याकडे," असं फोनवर म्हणाली. मी सकाळपासून फरशी पुसत होते.

दार उघडलं. ती बारीक झाली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. आम्ही मिठी मारली. मग ती चपला हातात घेऊन दारातच उभी राहिली. बाहेर जिथं रॅक असायचा तिथं तिनं पाहिलं, मग माझ्याकडे.

"चपला कुठं ठेवू?"

पाहुणेच विचारतात हे. मी पटकन तिच्या हातातून चपला घेतल्या आणि आतल्या रॅकवर ठेवल्या. त्यानं आणखीच वाईट झालं.

"बसा ना," माझ्या तोंडून निघालं. मी तिला, माझ्याच मैत्रिणीला, 'बसा' म्हणाले हे ऐकून ती हसली. मीही हसले. चहा करताना ती सवयीनं ओट्यापाशी आली आणि साखरेसाठी तिनं हात नेमका जुन्या जागी नेला. तिथं आता डाळी होत्या. तिनं हात मागे घेतला आणि ती बाजूला सरकली.

मग मी तिला तिची खोली दाखवली. ती उंबऱ्यापाशी थांबली. भिंतीकडे, पेट्यांकडे, पुस्तकांकडे बघत राहिली. जवळ जाऊन भिंतीवरून हात फिरवला. खाली कोपऱ्यात काजळीची एक रेघ राहिली होती, ती तिला दिसलीच.

"तू स्वतः केलं?"

"हो."

"माझा रंग दिला." मग माझ्याकडे वळून, "तुले तर हा आवडत नव्हता."

मी म्हणाले, "आता सवय झाली."

ती पलंगावर बसली नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, कपबशी मांडीवर धरून. खाली कुणाची तरी गाडी मागे घेतल्याचा बीप बीप आवाज येत होता. तो थांबल्यावर ती म्हणाली, "मी परत येईन, असं वाटत होतं का तुले?"

"हाव," मी म्हणाले. कित्येक महिन्यांनी तो शब्द त्या घरात उच्चारला गेला.

"मलेबी वाटत होतं. पयल्या वर्षी तर रोज." तिनं कप खाली ठेवला. "पण नाही जमत वं आता. आई बरी नाही होणार. अन् मले आता तिथंच काम भेटलं, शाळेत. ही खोली अशी मांडून नको ठेवू. मले भेव वाटते पाहून."

"भेव कशाचं?"

"तू वाट पाहून राहिली याचं."

तिनं पेट्यांतली दोन पुस्तकं काढून घेतली, बाकीची राहू दे म्हणाली. खालपर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना तिनं माझा हात धरला आणि नखांत अडकलेला रंग अंगठ्यानं खरवडून पाहिला. निघाला नाही. रिक्षा गेटबाहेर वळली तरी मी तिथंच उभी होते. वॉचमननं खुर्ची पुढे केली, मग मी वर आले.

पुढचे काही आठवडे मी त्या खोलीचं दार लावून ठेवलं. घरात आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. रविवार लांबच लांब व्हायचा. एकदा काकूंनी जिन्यात विचारलं, "ती खोली द्यायची का भाड्यानं? माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी जागा शोधतेय." मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं. खोली काही कुठं पळून जात नाही." नंतर मी माझी गादी तिकडे हलवली, कारण तिथं सकाळचं ऊन लवकर येतं. हिरव्या भिंतीकडे तोंड करून झोपायला अजूनही थोडं अवघड जातं. ती मुलगी आली तर तिला माझी जुनी खोली देता येईल, असा विचार मधूनमधून येतो. अजून काही ठरलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. यवतमाळच्या घरी आईच्या खोलीतली भिंत ओलीनं फुगली होती, तिथं रंगारी आज येतो उद्या येतो करत होता. "तू कसं केलं होतं, सांग मले," ती म्हणाली. डोक्याला रुमाल बांधला होता, हातात पत्र्याची पट्टी होती.

"आधी सगळं सुटलेलं काढ," मी सांगितलं. "पट्टी आडवी धर. जोर नको लावू, नाही तर खड्डा पडते."

पलीकडून तिच्या आईचा अडखळता आवाज आला, "कोण होय वं?"

"माझी मैत्रीण, आई. पुण्याची."

तिनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. कॅमेरा वर झाला आणि मला फक्त त्या खोलीचं छत दिसायला लागलं, आणि कडेला फिरणारा तिचा निळ्या पात्यांचा पंखा. ती खोली मी कधी पाहिलेली नाही. ती भिंत खरवडत होती, मधूनच विचारत होती, "आता?" मी म्हणत होते, "भिंतीतून वाळू पडून राहिली का? मग अजून काढ." नंतर तिचं विचारणं थांबलं, कारण तिला जमायला लागलं होतं. मी फोन बंद केला नाही. खरवडण्याचा आवाज येत होता, तो ऐकत पलंगावर बसून राहिले.