आजींची शेवटची आंघोळ

प्रेम करा, असं आमचे पाळकसाहेब दर रविवारी सांगतात. मंडळी मान डोलावतात, मीही डोलावते. पण प्रेम करायला गेलं की आधी वास येतो, हे उपासनेत कुणी सांगत नाही. मला ते शेजारच्या आजींच्या गालावरची पट्टी सोडताना कळलं.

मी जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर पूर्णेत घर बांधलं. शेजारी एका पुजाऱ्याचं कुटुंब. पुजारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे आजी, कचेरीत कारकून असलेला त्यांचा मुलगा आणि सून. आजींचं सोवळं कडक. माझ्याकडचं ताक सुनेनं आत नेलं, तर त्या ते गाईपुढे ठेवायच्या आणि वर मला म्हणायच्या, राग मानू नका. मी मानायचेच. माझा राग कायम नाकावर.

मग त्यांच्या तोंडात गाठ आली. लहानपणापासून मशेरी लावायची सवय. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी घेऊन जा म्हणाले. पुढे गाल फुटला, जखम सडायला लागली. सून जीव ओतून करायची, पण पट्टी सोडली की बिचारीला उलटी व्हायची. एका सकाळी तिनं रडत रडत मला कुंपणावरून हाक मारली. खरं सांगते, तेव्हा मला प्रभूची आज्ञा वगैरे काही आठवलं नाही. आता माझे हात चालतील होय, एवढंच मनात आलं. तरी गेले.

पहिल्या दिवशी आजींनी डोळे गच्च मिटून घेतले. मी जखम धुतली, अंग पुसलं, केस विंचरले. हळूहळू त्या माझ्या हातून पाणी घ्यायला लागल्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मी रोज जात राहिले. चर्चमधल्या बायका माझं कौतुक करायच्या, त्याची मला चीड यायची. घरी येऊन साबणानं दोनदा हात धुतले तरी भाकरी घशाखाली उतरत नसे. कधीकधी आजींवर खेकसायचेसुद्धा. त्या माझं मनगट धरून पडून राहायच्या.

शेवटी शेवटी त्यांचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. एक दिवस म्हणाल्या, "मेल्यावर मला आंघोळ तुमीच घाला. बाकीच्या नाकाला पदर लावून घालतील. मला ते नको हाय."

घालीन, असं मी म्हणून गेले. मयताची आंघोळ घरच्या आणि भावकीतल्या बायका घालतात, आणि आपण त्यांच्या कुणीच लागत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

आजी दिवाळीच्या आधी गेल्या. सोनपेठहून त्यांच्या जाऊबाई आल्या, पुतणसुना आल्या. अंगणात तीन दगड मांडून पाणी तापवलं. मी पदर खोचून पुढे झाले, तशा जाऊबाई आड आल्या. उर्मट नव्हत्या त्या. हात जोडून बोलल्या.

"सिस्टरबाई, लय केलं तुमी. आता आमच्यातल्याच बायका घालतील."

आजींनी माझ्याकडून शब्द घेतलाय, असं मी सांगितलं. जाऊबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. सून काही बोलणार होती, तिला कुणीतरी आत नेलं. माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. पण मयताच्या दारात भांडण करून आजींना काय मिळणार होतं? मी गिळलं. इतकं वाईट मला माझी माणसं गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आडोशाला जुनं लुगडं धरायचं होतं. एक बाई कमी पडत होती, म्हणून कुणीतरी एक बाजू माझ्या हातात दिली. मी तोंड रस्त्याकडे करून उभी राहिले. मागे तांब्या बुडाल्याचा आवाज आला. गालावरची पट्टी काढायला हवी, असं कुणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं तर जाऊबाईंनी पट्टीचं टोक धरलं होतं. रात्रभरात ती वाळून जखमेला घट्ट चिकटली होती.

"ओढू नका," मी ओरडले. "आधी भिजवा. दुखतं त्यांना."

सगळ्या थांबल्या. पुढच्याच क्षणी मी काय बोलले ते मला कळलं. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तांब्या बाजूला ठेवला, कोमट पाणी ओंजळीत घेतलं आणि थेंब थेंब पट्टीवर सोडायला लागल्या. ती आपोआप सुटेपर्यंत त्यांनी घाई केली नाही. मला धड दिसत नव्हतं. दोन्ही हातांत लुगडं होतं, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.