मास्तरांची सावळी

सावळीमामाने उजेड मोजायचे यंत्र कधी विकत घेतले नाही. फोटो काढताना तो आधी माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे, पायांकडे बघायचा. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसली की भिंगाचे भोक लहान, पुसट दिसली की मोठे. "पयलीं सावळी, मागीर तोंड," म्हणत तो जुन्या जर्मन कॅमेऱ्याची कडी फिरवायचा. डिचोलीच्या बाजारात त्याचा स्टुडिओ होता, पण आमच्या मुळगावातले एकही लग्न त्याच्याशिवाय लागत नसे.

माझे बाबा मराठी शाळेत मास्तर. त्या वर्षांत गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरांत भांडणे चालत, आणि हे दोघे जिवलग मित्र तर रोजच भांडत. बाबा म्हणत, "सावळी नव्हे, सावली म्हण. तोवर मी तुझ्या कॅमेऱ्यापुढे उभा राहणार नाही." मामा हसायचा. "मास्तरांनू, तुमची सावली आनी म्हजी सावळी, दोनूय काळीच मरे!" या हट्टापायी बाबांचा एकही फोटो नव्हता. आईने दोघांपुढे हात टेकले होते.

मग मामाने एक नवीनच तक्रार सुरू केली. "खाणीच्या धुल्ल्यान वत सामकें मंद जालां. सावळीक कड म्हूण उरूंक ना." ट्रकांनी उडवलेली तांबडी धूळ आमच्या जेवणाच्या पानातही यायची, त्यामुळे ऊन मंद झाले हे सगळ्यांना पटले. मामा भोक मोठे ठेवू लागला. फोटो उजळ येऊ लागले, आणि आपण गोरे दिसतो म्हणून लोक खूश!

माझ्या लग्नात, दुपारी तीनच्या उन्हात, तो अंगणात बाबांपुढे येऊन म्हणाला, "मास्तरांनू, सावली बरी पडल्या. उबे रावात." सावली! बाबा चक्क उभे राहिले.

आठ दिवसांनी म्हापशाहून फिल्म धुऊन आली. पाकीट मी मामासमोरच फोडले आणि हादरले. सगळे कागद जवळजवळ पांढरेफटक. मी नाही, नवरा नाही, बाबांचे तोंडही नाही. "डोळे फुटले होते का तुझे, मामा?" माझ्या तोंडून गेले.

सकाळच्या लख्ख उन्हात तो अंगणात जाऊन उभा राहिला, खाली वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाय, म्हजी सावळी आसा मगो?"

सावली त्याच्या पायांशीच होती, सुरीने कापल्यासारखी. ऊन पूर्वीसारखेच होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हा भला माणूस खाणीला शिव्या घालत बसला होता. जे मी बोलले, ते आजही मला खाते.

त्याच वर्षी गणपतीच्या चवथीआधी बाबा अचानक गेले. त्यांचा तो एकच फोटो आम्ही भिंतीवर लावला. त्यात चेहरा नाही, पांढरा सदरा नाही, टोपी नाही. अंगणावर पडलेली बाबांची सावली मात्र आहे, टोपीसकट, ठसठशीत काळी.

ऑपरेशन झाल्यावर मामाला पुन्हा दिसू लागले, पण कॅमेऱ्याला तो शिवला नाही. एकदा घरी आला आणि त्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला.

"मास्तरांची सावली," तो म्हणाला.

मला रडू आवरेना. "सावळी म्हण, मामा," मी म्हटले.