गुडघ्याचा रोजनामा

रोज सकाळी सिस्टर खिडक्या उघडायला येण्याआधी माझ्या गुडघ्यांखालची उशी हलायची. आधी थोडी, मग एकदम. डोळे उघडून पाहावं तर शेजारच्या खाटेवरून वाकड्या मुठीची एक काठी आलेली असायची. मूठ उशीच्या खोळीत अडकलेली, आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला मुन्शीजी, पाटातून मासा ओढावा तसे माझी उशी ओढत बसलेले. उशी जमिनीवर पडली की ते काठी बाजूला ठेवून शांतपणे म्हणत, "जप्ती झाली. हरकत असन तर अर्ज करा, किसनराव."

पहिले आठ दिवस मी त्यांचा मनापासून राग केला. गुडघ्यांखाली उशी असली की ठणका अर्धा व्हायचा. ती गेली की पाय आपोआप सरळ होऊ लागत, आणि ते सरळ होणं म्हणजे कोणी आतून करवत चालवावी तसं. म्हातारा माणूस, स्वतःला एवढं दुखतं, आणि दुसऱ्याच्या सुखावर याचा डोळा का, हे मला कळत नव्हतं. विचारायची हिंमतही नव्हती. मी परक्या गावात, एकटा.

मी हिवरखेडचा. घरी भाजीपाल्याचा मळा. चौथीत असताना शाळा सुटली, कारण वांग्यांना पाणी द्यायला माणूस कमी पडत होतं. पुढे अमरावतीला कँपात एका वकीलसाहेबांच्या बंगल्यावर माळीकाम मिळालं. बायको आणि तान्हं पोर गावी. बावीस वर्षांचा असताना दिवाळीच्या सुमारास ताप आला, मग घोटे सुजले, मग मनगटं, आणि शेवटी दोन्ही गुडघे. वकीलसाहेबांनी टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात आणलं. जाताना ते म्हणाले, "होळीपर्यंत तुझी जागा ठेवतो, किसन. पण बसता आलं पाहिजे." त्यांचं खरंच होतं. माळी लंगडत चालला तरी निभतं, पण निंदणं, खुरपणं, रोप लावणं हे सगळं उकिडवं बसून. उकिडवं बसता न येणारा माळी म्हणजे फाळ नसलेला नांगर. तेव्हापासून दवाखान्याच्या भिंतीकडे पाहताना मला दुसरं काही दिसत नव्हतं. होळी दिसायची.

मुन्शीजी म्हणजे नारायणराव. अकोल्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली छोटं मेज टाकून तीस वर्षं अर्ज लिहीत होते. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता त्या माणसांचीच बोली त्यांची झाली होती आणि सगळ्या जगाकडे ते कचेरीच्या नजरेने बघायला लागले होते. त्यांचे दोन्ही गुडघे काटकोनात वाकून कायमचे आखडले होते. निजले तरी पाय खुर्चीवर बसल्यासारखे. थंडीत दुखणं वाढलं की दरसाल ते या दवाखान्यात येऊन राहत. हाताची बोटं, वाऱ्याने ज्वारी एका अंगाला झुकावी तशी, करंगळीकडे झुकलेली. लेखणी धरता येत नव्हती. "अर्जनवीसाले याच्यावर कोणती शिक्षा," असं ते एकदाच म्हणाले, आणि लगेच समोरच्या खाटेवरच्या माणसाची मिशी एका बाजूला जास्त कापली गेली आहे यावर बोलू लागले.

डॉक्टर फेरी करून गेले की मुन्शीजींचा पुकारा सुरू होई. "खाट नंबर चार हाजिर. बोला, रात कशी काढली?" चार नंबरचा परतवाड्याचा लाकूडवाला कण्हत म्हणे, "काय सांगू मुन्शीजी, खांदा हालूनच नाई राहिला." मुन्शीजी मान डोलावून निकाल देत, "खांद्यानं तारीख वाढवून मागतली. दिली. पुढची पेशी उद्या." कोणी फारच रडू लागलं तर ते म्हणत, "पाह्य बाप्पा, आपलं कोर्ट हे खालचं. याच्यावरचं नागपूरले. त्याच्याहून वरचं कोणी पायलं नाई. जोवर तिकडून कागद येत नाई तोवर इथंच भांडायचं." लोक दुखण्यातही हसत. मी हसत नव्हतो. माझी उशी जमिनीवर पडलेली असायची.

नवव्या दिवशी मी धीर करून म्हणालो, "मुन्शीजी, तुमाले माह्या उशीचं काय लागते?"

"लिहिता येते का तुले?"

"चौथीलोक शिकलो. आता अक्षर जमत नाई."

त्यांनी आपल्या ट्रंकेतून एक लांबट वही काढायला लावली. "कोर्टात केस चालली का रोज काय झालं ते लिवतात. त्याले रोजनामा म्हणतात. आजपासून तुह्या गुडघ्याचा रोजनामा. पाय सरळ सोड. आता गुडघ्याच्या मांगं, गादीच्या वर, तुही किती बोटं मावतात ते पाह्य."

अख्खी मूठ मावत होती. मी तसं लिहिलं. माझं अक्षर पाहून ते म्हणाले, "असं अक्षर पाहून मुन्सफ पहिले तुलेच आत टाकन. पण लिव. रोज लिव."

मूठ, मूठ, मूठ, मग चार बोटं. दोन आठवडे असे गेले. औषधाने कानात भुंगे फिरत, वॉर्डबॉय गरम वाळूच्या पिशव्यांचा शेक देई, आणि मी रोज सकाळी बोटं घालून पाही. एका दुपारी दुखणं सहन होईना. मुन्शीजींचा डोळा लागलेला होता. मी कांबळ्याची घडी केली आणि गुडघ्यांखाली सारली. दोन तास स्वर्गात होतो. ते उठायच्या आत घडी काढून टाकली आणि वहीत लिहिलं, तीन बोटं.

मुन्शीजींनी वही मागितली. वाचली. मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. कांबळ्याच्या जाड विणीचे वळ कातडीवर उमटलेले होते.

"रोजनाम्यात खोटं लिवलं तर कोर्टाचं काही जात नाई, किसनराव," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "पक्षकाराचं जाते."

मी मान खाली घातली. रडूही आलं. होळीचं सांगितलं, वकीलसाहेबांचं सांगितलं, घरच्या पोराचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तीस वर्षं ऐकत आल्यासारखं. मग डोक्याखालची स्वतःची उशी थोपटली. पांढऱ्या खोळीची, कडेला लाल दोऱ्याने वेलबुट्टी भरलेली उशी होती ती.

"हे पाह्यली? पहिल्यांदा दुखणं आलं तवा बायकोनं केली. आपला मुलूख कापसाचा, आजाऱ्याले उशीचा काय तोटा. पण तिनं बाजारचा कापूस नाई घेतला. स्वतः सरकी काढली, स्वतः पिंजला. ही उशी गुडघ्याखाली दोन महिने. मी कण्हलो का ती आणखी वर सरकवायची. लय सुख वाटलं. सुजलेला सांधा ओली माती असते, किसन. जशी ठेवसान तशी वाळते. हे मले इथल्या डॉक्टरनं सांगतलं, पण दोन वर्षांनी. तवा मडकं वाळून गेलं होतं."

मी त्यांच्या पायांकडे पाहत राहिलो.

"काकूले माईत हाय का?" मी विचारलं.

"तिले कसं सांगू? ती दर पंधरवड्याले येते. उशीच पहिले चाचपते. गुन्हा झाला, पण गुन्हेगार नाई, अशी बी केस असते. ते फाईल मी बंद केली. तू उघडू नको, एवढंच." मग काठी उचलून ते म्हणाले, "म्हणून लोकाईच्या उश्या जप्त करतो. त्याच्यानं कोणाचं मन मोडत नाई."

त्यानंतर मी एकदाही खोटं लिहिलं नाही. सकाळी काठी यायच्या आधी मीच उशी बाजूला टाकत असे, तर मुन्शीजी म्हणत, "पक्षकार शहाणा झाला. आता आमचं पोट कसं चालन?"

काकू अकोल्याहून सकाळच्या गाडीने यायच्या, बडनेऱ्याला गाडी बदलून. ठेंगण्या, बोलक्या, हातात नेहमी शिदोरी. आल्या की खरंच पहिल्यांदा ती उशी चाचपत. "दबली काय वो? आणखी कापूस भरू?" मुन्शीजी म्हणत, "राजाची उशी हाय. कशाले दबन." माझीही त्या विचारपूस करत. "माय येत नाई का रे तुही?" मी म्हणायचो, "लांब पडते, काकू." एवढ्यावर त्यांचे डोळे भरत.

पौषात एकदा त्या आल्या तेव्हा शिदोरीबरोबर एक गाठोडं होतं. त्यातून नवी उशी निघाली. तशीच पांढरी, कडेला तसाच लाल दोरा. "तुही माय इथं असती तर तिनं केली असती," त्या म्हणाल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी एका हाताने माझे गुडघे उचलून दुसऱ्या हाताने उशी खाली सारली. त्या वेळी माझी दोन बोटं मावत होती. दोन महिन्यांत मिळवलेली दोन बोटं. गुडघे त्या मऊ कापसात उतरले आणि ठणका पाणी ओतल्यासारखा विझला. "आता पाह्य, कसं बरं वाटते," काकू म्हणाल्या.

"बरं वाटते, काकू," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

मी मुन्शीजींकडे पाहिलं. काठी खाटेला टेकलेली होती. ते छताकडे बघत होते. काकू दुपारभर बसल्या, मुलीच्या सासरचं, विहिरीच्या पाण्याचं, सगळं सांगितलं. मुन्शीजी हूं हूं करत राहिले. त्या दिवशी त्यांनी एकही कोटी केली नाही. गाडीची वेळ झाली तेव्हा काकूंनी जाता जाता माझी उशी पुन्हा एकदा वर सरकवली.

त्या गेल्यावर मी काठीची वाट पाहिली. काठी आली नाही.

"मुन्शीजी," मी म्हणालो, "जप्ती?"

"हे जप्ती माह्या हातून नाई होत," ते म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. "तिच्या हातचं हाय. तुह्या गुडघ्याचा मालक तू. तुहं तूच पाह्य."

दिवेलागण होईपर्यंत मी तसाच पडून होतो. इतकं सुख त्या दोन महिन्यांत मला मिळालं नव्हतं. ठेवली असती तर मला कोणीही काही बोललं नसतं, आणि याचीच मला सगळ्यात मोठी भीती वाटली. आजवर काठी होती म्हणून माझे पाय सरळ होत होते. मी दोन्ही हातांनी उशी ओढून काढली. पाय गादीवर येताना तोंडात धोतराचा सोगा धरला होता. मग ती उशी डोक्याखाली घेतली आणि वही उघडली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी लिहिलं: उशी डोक्याखाली. तीन बोटं.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजींनी ते वाचलं. वही मिटून छातीवर ठेवली. मग म्हणाले, "अक्षर सुधारलं."

होळीला पाच-सहा दिवस होते तेव्हा गुडघ्यामागे एकही बोट मावेनासं झालं. पाय वाकवायचं काम त्यानंतरचं, ते लवकर जमलं. दोन खाटांच्या मधे, मुन्शीजींची काठी धरून, मी हळूहळू खाली गेलो आणि उकिडवा बसलो. मुन्शीजी खाटेच्या कडेवर आपले वाकडे पाय सोडून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. "किसनराव," ते म्हणाले, "तुमच्या बाजूनं निकाल लागला. अपील नाई. उठा आता, गुडघे दुखतील." वही त्यांनी मलाच दिली. "कोर्टाचा कागद पक्षकाराजवळ ठेवायचा."

पुढच्या थंडीत ते अमरावतीला आले नाहीत. त्याआधीच, पावसाळ्याच्या अखेरीस, ते गेल्याचं त्यांच्या जावयाचं कार्ड आलं. मला कार्ड वाचता आलं, कोणाकडे न्यावं लागलं नाही, याची त्या दुःखातही मला जाणीव होती.

सुट्टी मिळाली तेव्हा अकोल्याला गेलो. बरोबर झेंडूची रोपं नेली आणि ती वही. काकू अंगणात धान्य पाखडत होत्या. मला पाहून सूप बाजूला ठेवलं. मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर उकिडवा बसलो. त्या माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या.

"बसता येते का रे आता?"

"येते, काकू."

"त्याईचे नाई झाले कधी सरळ," त्या म्हणाल्या. "माहं काही चुकलं का, असं वाटते कधी कधी." मग माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं. "काय हाय ते?"

मी सांगितलं. मुन्शीजींनी लिहायला लावलेला गुडघ्याचा रोजनामा. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "त्याईचं काम हाय, ऐकते."

मी पहिल्या पानापासून वाचू लागलो. मूठ. मूठ. चार बोटं. त्या मान हलवत ऐकत होत्या. पौषातलं ते पान आलं. अक्षरं स्वच्छ होती, माझीच होती. मी वाचलं, "आज काकूंनी उशी आणली. गुडघ्याखाली घेतली. बरं वाटलं."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा सूप हातात घेतलं. "मंग कामी आली म्हना माही उशी."

"आली, काकू."

त्या रोजनाम्यात मी दोनदा खोटं केलं. पहिल्यांदा मुन्शीजींनी लगेच पकडलं. दुसऱ्यांदा पकडायला ते नव्हते. आणि असते, तर काठी त्यांनी उचलली नसती.