‘ओहोटी’मधली माझी जागा

युसूफ गेल्याचं मला मासळीबाजारात कळलं. टोपलीतले सरंगे निवडत होतो, तेवढ्यात शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, “तुमचा गिटारवाला गेला की हो आज पहाटे.” आणि खरं सांगतो, दुःख व्हायच्याही आधी मनात आलं, की आता सगळे याच्याबद्दल चांगलंच बोलणार... झालंही तसंच. गेल्या पाच आठवड्यांत त्याचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत. हा लेखही त्यात भरच घालणार, म्हणून लिहायला बसताना स्वतःचाच राग येतोय.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही रत्नागिरीला कॉलेजात होतो. युसूफ राजिवड्याचा. त्याचा थोरला भाऊ जहाजावर होता, त्याने कुठल्याशा बंदरातून इलेक्ट्रिक गिटार आणली. माझ्याकडे वडिलांची पेटी होती. आणि पावसकडचा आमचा वर्गमित्र गंपू गावच्या जाखडी नाचात मृदंग वाजवायचा. तिघांनी मिळून बँड काढला, त्याचं नाव ‘ओहोटी’. गॅदरिंगला सरांनी विचारलं, “सुगम, लोकसंगीत की पाश्चात्त्य? एकात काय ते नाव घाला.” युसूफ म्हणाला, “सर, तिन्हींत घाला, कुठंतरी नंबर लागेल.” तिन्ही याद्यांतून आमचं नाव गळलं. मी दहा वर्षं पेटी शिकलेला, तो कुणाकडेच काही शिकला नव्हता. तरी त्याने तार छेडली की शेजारच्या वर्गातली पोरं दारात जमायची, आणि मी वाजवायला लागलो की तीच पोरं चहाला जायची. माझा किती जळफळाट व्हायचा, ते मलाच ठाऊक.

एकदा गंपूच्या गावात दुपारी शक्ती-तुऱ्याचा सामना होता. यात एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. एकाने गाण्यातून प्रश्न घालायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. तुरेवाल्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला, म्हणून लोक उठून जाऊ नयेत यासाठी मंडळाने आम्हाला वर चढवलं. शक्तीवाल्या म्हाताऱ्या शाहिराला वाटलं, हेच तुरेवाले! त्याने रीतसर पुराणातला प्रश्न घातला. आम्हाला पुराणातलं ओ की ठो येत नव्हतं. युसूफने काय करावं? त्याने शाहिराच्या प्रश्नाचीच चाल गिटारवर ओढून, वाकवून परत केली. गंपू ठेका धरून मागे लागला, आणि मधोमध मी दोन दिवसांपूर्वी सुचलेली माझी आठ मात्रांची सुरावट घातली. ती येताच लोकांनी शिट्ट्या मारल्या. शाहीर उठून आला. “उत्तर काय मिलालं नाय, पन झ्याक वाजवलंव. मदली चाल कुनाची रं?”

मी तोंड उघडणार, तोच युसूफ म्हणाला, “आमची.”

शाहिराने स्वतःचा फेटा उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवला. ‘याची’ म्हणून माझ्याकडे बोट दाखवायला त्याचं काय जात होतं? परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, मला परीक्षेचा अभ्यास आहे, मी येणार नाही. तो म्हणाला, “शनिवारी टेप करायचंय रे... ये.” मी गेलो नाही. त्यांनी बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत माझ्याशिवाय कॅसेट केली, आणि ती मी हट्टाने कधी ऐकली नाही. पुढे बँड मोडला, युसूफने होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. चाळीस वर्षं आम्ही एकाच गावात राहिलो, भेटलो की मासळीबद्दल बोललो.

त्याच्या मुलीला, शबानाला, ती कॅसेट कपाटात सापडली. पुण्याच्या काही मुलांनी ती साफ करून इंटरनेटवर टाकली, आणि आता ‘हे रॉक की लोकसंगीत’ यावर तिथे हमरीतुमरी चाललीय. शबानाने मलाही पाठवली. म्हणाली, “काका, सगळे विचारतायत, ती मधली शांतता अब्बांना सुचली कशी?”

ऐकलं. मध्येच गिटार थांबते. खाली फक्त गंपूचा ठेका चालू राहतो, आणि मग गिटार परत येते. माझ्या सुरावटीची जागा त्यांनी मोकळी सोडली होती! मी गेलोच नाही, त्याचंही श्रेय यालाच? भडकून शबानाला म्हटलं, “ती शांतता नाही गो, ती माझी जागा आहे.” सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “मग वाजवा ना काका. अजूनही घालता येईल, मुलांना सांगते मी.”

पेटी काढली, भाता हलवला, गिटार थांबली तसा शिरलो. आठ मात्रा वाजवून झाल्या, तरी गिटार येईना. परत लावून पाहिलं. पुन्हा तेच, दोन मात्रा उरतच होत्या. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला. आज भाता आधीच भरलेला होता; बँडमध्ये मात्र मी कायम उशिरा शिरायचो, भाता भरेपर्यंत दोन मात्रा जायच्याच. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. मीही कधी मोजल्या नव्हत्या. त्याने मोजून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी शबानाला फोन केला. “राहू दे गो ती जागा तशीच.”

“का काका, जमली नाही?”

“जमली. पण मी वाजवली, तर तो माझ्यासाठी थांबला होता, हे कुणाला कळणार नाही.”