आबांचं झाकणाचं टेबल

भिंतीचं माप मी कापडाच्या किनारीने घेतलं. कारखान्यात ताग्याच्या कडेच्या लांब पट्ट्या कापून पडतात, त्याच त्या. सुरतेजवळ कडोदऱ्याला, कापड कारखान्याच्या घडी खात्यात माझी सव्वीस वर्षं गेली. तिथे गठ्ठा बांधायला किनार, डबा बांधायला किनार, एकदा तर पँटला पट्टा म्हणूनही किनारच. घरात मोजायचा टेप होता, पण तो शोधायला उठावं लागलं असतं, आणि किनार खिशातच होती. खिडकी आणि कपाट यांच्यामधल्या जागेला ती लावली, जागा संपली तिथे गाठ मारली आणि आम्ही टेबल पसंत करायला निघालो.

ही किनार ताणली की वाढते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज ताणतो.

टेबल हवं होतं आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आबांची सगळी हयात लूमवर गेली. पण ते सातवीपर्यंत शिकलेले, म्हणून डिंडोलीतल्या आमच्या गल्लीची पत्रं, रेशनचे अर्ज, शाळेचे दाखले, सगळं तेच लिहायचे. भुईवर मांडी घालून, मांडीवर पाट घेऊन. दोन वर्षांपूर्वी त्यांचं डोकं मागंपुढं व्हायला लागलं. आधी नातीचं नाव गेलं, मग गल्लीचं वळण. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे. "गावले जानं शे," एवढंच. कडी लावली तर कडीशी झटायचे, आणि आमच्यापैकी कुणीतरी त्यांना धरून मागे आणायचं. आपल्या बापाला असं धरावं लागतं तेव्हा त्याचे दंड किती बारीक झालेत ते कळतं.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना जे येत होतं, ते करत ठेवा. लिहीत होते ना? मग लिहू द्या. हात थांबला की बाकीचंही भराभर जाईल."

गुडघ्यांमुळे भुईवर बसवत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर वही ठेवली, तर ते ताटाची वाट बघत बसले.

आता यासाठी साधं टेबलही चाललं असतं. पण मोबाइलवर मी मोठ्या लोकांच्या घरातली ती जुनी टेबलं बघितली होती. तिरकं झाकण खाली पाडलं की लिहायची फळी होते आणि आत कागद ठेवायचे छोटे छोटे खण असतात. आपल्याही घरात एक जुनी वस्तू असावी असं वाटलं. बायको म्हणाली, "आहोत की आपण."

शहरातल्या जुन्या हवेल्या पाडतात, त्यांचं सामान विकणारा एक म्हातारा गुजराती व्यापारी होता. त्याच्या गोदामात मी आणि बायको गेलो, आबांनाही नेलं. त्याने दोन टेबलं दाखवली. एक लहान, हलकं, फळीला दोन्ही बाजूंनी साखळ्या. दुसरं अस्सल सागाचं, पितळी कड्यांचं, चौघांनी उचलावं असं. फळी पाडली की खालून दोन दांडे बाहेर ओढायचे आणि त्यावर ती टेकवायची. खणांत जुन्या शाईचे डाग होते. मी जाणकारासारखा वाकून वाळवी शोधली, मागची फळी वाजवून बघितली. कसला आवाज यायला हवा, हे मला ठाऊक नव्हतं.

"हे लहान घ्या," बायको म्हणाली. "हे बसेल."

"ते डुगडुगतंय. आबा रेलले तर?"

"आबा रेलायला बसले तर पाहिजेत."

तेवढ्यात आबांनी चपला काढल्या. मोठ्या टेबलासमोर, त्या धुळीत, दोन्ही चपला नीट जोडून ठेवल्या आणि हात पुढे बांधून उभे राहिले. कितीतरी महिन्यांत त्यांनी एखाद्या वस्तूकडे असं पाहिलं नव्हतं.

"बघ, आवडलं त्यांना," मी म्हणालो. "देवासमोर उभं राहावं तसे उभे आहेत."

बायको आबांकडे बघत राहिली. "मला काही ते आवडल्यासारखं दिसत नाही," ती म्हणाली.

मी खिशातून किनार काढून टेबलाला लावली. गाठ थोडी अलीकडे येत होती. मी जरा ओढली. बसत होतं.

घरी आणलं, तर चार बोटं जास्त. चार माणसं टेबल धरून उभी, आणि मी खिडकीच्या चौकटीकडे असा बघतोय, जणू तिनेच दगा दिला. "आता भिंत ओढा," बायको म्हणाली. शेवटी ते बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीला लावलं. म्हणजे टेबलाशी बसणाऱ्याची पाठ दाराकडे.

आबा त्या खुर्चीवर बसलेच नाहीत. मी धरून न्यायचो, तर अंग आखडून घ्यायचे. टेबलाजवळून जाताना भिंतीला घासून जायचे. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, आपण बसून दाखवावं. फळी पाडली, दांडे ओढले, वही उघडली आणि मोठ्या उत्साहाने लिहायला लागलो.

मागून आवाज आला, "शेठ."

मी वळलो नाही. 

"शेठ, रजा जोईए छे. घरवाली बहु मांदी छे."

रजा हवी, बायको फार आजारी आहे, असं ते गुजरातीत म्हणत होते. आबा घरात कधी गुजराती बोलले नव्हते. आमच्याशी अहिराणी, गल्लीत मराठी. ही भाषा त्यांची फक्त कारखान्यातली, मालकाशी बोलायची. माझी माय गावी आजारी पडली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तिच्या उशाशी होतो. सुरतेला निरोप गेला होता. माल निघाल्याशिवाय रजा नाही, असं शेठने सांगितलं. आबा रोज पाळी सुटली की ऑफिसात जाऊन उभे राहायचे. शेठ टेबलावर लिहीत असायचा, तो मागे बघायचाही नाही, त्याच्या पाठीशी बोलावं लागायचं. एवढं एकदा आबांनीच सांगितलं होतं. ते गावी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. आणि तेराव्याच्या आधी परत गेले, कारण रजा तेवढीच होती.

शेठचं ते टेबल कसलं होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी खुर्चीत वळलो. "आबा, मी आहे. तुमचा मुलगा."

त्यांची मान आणखी खाली गेली. चपला दाराशी जोडून ठेवलेल्या. "शेठ, आज पण ना पाडशो तो..." आजही नाही म्हणालात तर, याच्या पुढचं त्यांना सापडेना. ओठ नुसते हलत राहिले.

स्वयंपाकघराच्या दारात बायको कणकेचे हात तसेच धरून उभी होती. तिने मला मानेने खूण केली: द्या रजा.

मी पुन्हा टेबलाकडे तोंड केलं. शेठ कसा बोलत असेल, मला काय माहीत. आता मी खात्याचा मुकादम, माझ्याकडे लोक रजा मागायला येतात, तेव्हा मी बोलतो तसा बोललो. वहीतून मान वर न काढता.

"जाओ. आठ दिवस."

 मग आबा म्हणाले, "मेहरबानी, शेठ." चपलांचा आवाज आला, खाट करकरली. त्या संध्याकाळी ते पिशवी घेऊन दाराशी आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजले.

मी फळी वर उचलून झाकण लावलं. वहीत माझ्याच अक्षरात माझंच नाव तीनदा लिहिलेलं होतं, बाकी काही नाही. आत गेलो, तर बायको पोळी लाटत होती. तिने वर बघितलं नाही.

"एवढं शेठचं टेबल आणलं," ती म्हणाली, "अन् रजा आठच दिवस दिली? तेराव्यापर्यंतची तरी द्यायची."