तीन पट्ट्या खाली

बास गिटार वाजवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, याच्या दोन तारा तुटल्या का? आणि दोन, हे वाजतं का? पूर्वी मी नीट उत्तर द्यायचो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बासला चारच, पण जाड. ती गाण्याच्या खालून चालते. ती बंद पडली तरच कळतं की काहीतरी होतं. आता मी 'हो, तुटल्या' म्हणतो आणि चहा पितो. अठ्ठावीस वर्षं समजावून सांगितल्यावर माणसाला एवढा हक्क असावा.

दिवसा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की दुरुस्त करायचा. त्याच कारखान्यात अण्णा घडीखात्यात होते. अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, घरी कानडी, बाहेर मराठी, आणि मागांच्या खडखडाटावर मात करून गाणारा गळा. त्यांनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हा मी लीड गिटार शिकत होतो. अण्णांनी माझा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "तुजा हात जड हाय. तू बास घे." जन्माची दिशा अशी अर्ध्या मिनिटात ठरली. लीड गिटारवाला पुढं पुण्याला गेला, बँजोवाल्यानं बँड काढला, मी राहिलो. अण्णा राहिले म्हणून मी राहिलो, हे खरं कारण.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं सुरांना पेटीच्या पट्ट्यांची नावं असतात. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, अशी चढत जाणारी. प्रत्येक गायकाची आपली एक पट्टी असते. अण्णांची काळी दोन. पुरुषाच्या गळ्याला ती बरीच उंच, आणि अण्णांना त्याचा ताठा होता. लोक आपलं गाव सांगतात तसं ते सांगायचे, "आपण काळी दोनचे." पण अण्णा काही शिकलेले नव्हते, आणि कीबोर्ड स्टेजवर त्यांच्या पाठीमागं असायचा. म्हणून ते सूर माझ्या हातावरून घ्यायचे. मी त्यांच्या डाव्या अंगाला. गाणं सुरू व्हायच्या आधी ते माझ्या डाव्या हाताकडं बघायचे. वरून दुसरी तार, सहावं घर. तिथं माझं बोट दिसलं की मान हलवायचे आणि माइक तोंडापाशी न्यायचे. हजारभर कार्यक्रमांत हे चुकलं नाही.

गळा उतरायला लागला तो वळसंगच्या एका हळदीत. दुपारचं ऊन, मांडवाचे पत्रे तापलेले, आणि अण्णांचा आवाज अंतऱ्यात वर जाताना चिरला. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा चिरला. कीबोर्डवाला आणि मी टेम्पोच्या मागं उभे राहून बोललो. कीबोर्डवाला विमा एजंट, बोलण्यात पक्का. तो म्हणाला, "एक पट्टी उतरवू. सांगायचं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याचं सोपं होतं. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की हात काळी दोनवरच राहतो, आवाज मात्र खालचा निघतो. बासला असलं बटण नाही. मला चारही तारा सैल करून उतरवाव्या लागल्या, म्हणजे बोट सहाव्याच घरात दिसेल आणि सूर खालचा येईल. अण्णांनी हात बघितला, मान हलवली, आणि त्या दिवशी काय गायले! खाली उतरल्यावर मला म्हणाले, "आज गळा लई मोकळा हुता की."

हे सहा वर्षांपूर्वीचं. त्यानंतर एका पट्टीच्या दोन झाल्या, मग तीन. सैल तारा फडफडतात, म्हणून मी जाड संच मागवला. आमच्या गायिकेच्या गाण्याला कीबोर्डवाला बटण शून्यावर आणून मोकळा व्हायचा, आणि मी मात्र सगळं गाणं तीन घरं पुढं सरकून वाजवायचो. मग पुन्हा अण्णांचं गाणं, पुन्हा मागं. एका कार्यक्रमात वीस-बावीस गाणी. शिफ्ट करून आलेल्या माणसानं चार तास हे डोक्यात ठेवायचं. बायको एकदा म्हणाली, "अहो, त्यांच्या गळ्याला कळत नसेल का?" मी म्हणालो, "माणसाला जे कळून घ्यायचं नसतं ते कळत नाही." हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

यंदा श्रीपूरला साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशी आमचा कार्यक्रम होता. गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायची, मग भाषणं, मग ऑर्केस्ट्रा. आदल्या दिवशी कीबोर्डवाल्याला मूतखड्याची कळ आली आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. बदली म्हणून त्यानं एका शाळेतल्या संगीताच्या बाईंना पाठवलं. बाई पन्नाशीच्या, पेटी पद्धतशीर शिकलेल्या, वहीत सगळं लिहून घेणाऱ्या. त्या परस्पर एसटीनं आल्या त्या थेट स्टेजवरच.

बाईंना बटणाचं कुणीच सांगितलं नव्हतं. कीबोर्डवाल्याला वाटलं मी सांगेन, मला वाटलं त्यानं सांगितलं असेल. गाण्यांची यादी अण्णांच्या अक्षरातली. प्रत्येक गाण्यापुढं 'का. २'. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाई, पट्टी जरा बघा हं." त्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "काळी दोनच ना सर? लिहिलंय की इथं." अण्णा दोन हात अंतरावर उभे. ते म्हणाले, "व्हय बाई, काळी दोनच. आपलं ठरलेलं हाय." मी फोनवर मेसेज टाकला, 'बटण वजा तीन करा'. बाईंचा फोन पर्समध्ये, पर्स खाली खुर्चीवर. तोवर सूत्रसंचालकानं अण्णांचं नाव पुकारलं.

अण्णांनी माझ्या हाताकडं बघितलं. सहावं घर. मान हलवली. बाईंनी सुरुवातीचं म्यूझिक धरलं, स्वच्छ, खऱ्या काळी दोनमध्ये. मी ठोक्यावर माझ्या सैल तारा वाजवायला लागलो. पहिला स्वर कसाबसा खपून गेला. दुसरा भाताच्या घासात खडा यावा तसा आला. ढोलकीवाल्यानं मान वळवली. पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्यांनीही वर बघितलं.

मला दोनच वाटा होत्या. सहाव्या घरात बसून राहायचं, म्हणजे सगळं गाणं बेसूर होणार. किंवा नवव्यात जायचं, म्हणजे बासचा सूर कीबोर्डला मिळणार, पण अण्णांना एकट्यानं खऱ्या काळी दोनला तोंड द्यावं लागणार. बासवाल्याला एकच धर्म शिकवलेला असतो. चूक कुणाचीही असो, जुळवून तूच घ्यायचं. माझा हात विचार करायच्या आत नवव्या घरात गेला. अण्णांनी ते बघितलं. त्यांची नजर तिथं एक क्षण थांबली आणि मग ते गायला लागले.

मुखडा निघाला. अंतऱ्यात त्यांनी वरचा सूर घ्यायला छाती भरली आणि आवाज फुटला. चिरला नाही, फुटलाच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. अण्णा कसलेले, त्यांनी माइक लोकांकडं केला आणि ओरडले, "म्हणा!" लोक म्हणाले. पुढचं गाणं गायिकेनं घेतलं. अण्णा स्टेजच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. परतीच्या टेम्पोतून त्यांच्या कोपऱ्यावर ते उतरले, मला 'येतो' सुद्धा म्हणाले नाहीत.

तीन रविवार ते तालमीला आले नाहीत. पुढच्या महिन्यात सोलापुरातच एक मोठं लग्न होतं आणि मुलीच्या वडिलांना अण्णाच हवे होते. पण मला लग्नाची काळजी नव्हती. अण्णांनी गाणं टाकलं तर घरात बसून ते सहा महिने काढणार नाहीत, ही मला भीती होती. घडीखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. चौथ्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वाटेत मनाशी ठरवलं की सगळं कबूल करायचं. सहा वर्षं फसवलं, चूक झाली, पायावर डोकं ठेवतो, पण गा.

अण्णांनी वहिनींना कानडीत चहा टाकायला सांगितलं. मला बसवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "तुज्यापायी माजा गळा गेला."

मला आधी समजलंच नाही.

"काय बघतोस? सहा वर्सं झाली तारा सैल सोडून वाजवतोस. मला दिसत न्हाय व्हय? लोंबत्यात त्या. म्या पहिल्याच दिवशी कीबोर्डवाल्याला इचारलं, सूर खाली का आलाय रं? त्यो म्हणला, बासवाल्याची बोटं दुखत्यात, ताठ तारा दाबवत न्हाईत, डॉक्टरनं सांगितलंय. तुमी बोलू नगा म्हणला, त्याला वाईट वाटंल." अण्णांनी बशी खाली ठेवली. "मग म्या काय करायचं हुतं? जुना मानूस. म्हटलं गाऊ खाली. त्येची बोटं टिकू देत. यादीत मातर काळी दोनच लिवत आलो, तुला कळू नये म्हणून. पर उंच गायची सवय मोडली की माजी! गळा म्हंजे काय, बसवला तितं बसतो."

खोटं कशाला सांगू, मला आधी संताप आला. माझी बोटं! रोज आठ तास मागाचे नट पिळणारी बोटं. हाताला घट्टे पडलेत, तार काय, पत्रा दाबीन मी. सहा वर्षं मी यांच्यासाठी पुढं-मागं सरकत डोकं शिणवलं, आणि हे समजत होते की तेच मला सांभाळतायत. त्या विमा एजंटाला तर उभा चिरावा असं वाटलं. आणि मग ते सगळं ओसरलं. हा माणूस, ज्याला काळी दोनचा एवढा ताठा, तो सहा वर्षं माझ्या दुखऱ्या बोटांसाठी मुद्दाम खाली गात होता. एकदाही बोलला नाही. एकदाही टोमणा मारला नाही. त्याच्या हिशेबानं त्यानं माझ्यासाठी स्वतःचं नाव खाली आणलं होतं.

"खरं सांग," अण्णा म्हणाले. "लई दुखत्यात का?"

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांना उत्तर हवं होतं. गळा आपला आपण गेला की कुणापायी गेला, एवढंच त्यांना माझ्याकडून कळून घ्यायचं होतं. मी माझ्या हातांकडं बघितलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती, पण आता शेपूट कापून उपयोग नव्हता.

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "लई दुखत्यात."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. महिनाभर छातीत धरून ठेवलेला असावा. त्यांनी माझा हात हातात घेतला, पालथा केला, बोटांची पेरं दाबून बघितली आणि हळहळले. मग एकदम हुशारीत आले. "मग आता ऐक माजं. लई केलंस. आता घरी आराम कर. बास कीबोर्डवाला डाव्या हातानं वाजवंल, आजकाल सगळीकडं तसंच चालतंय. म्या पयल्यापास्नं रियाज धरतो. लग्नाला बघ, काळी दोनमधी गातो का न्हाई."

चहा आला. मी प्यायलो. अठ्ठावीस वर्षांची नोकरी अशी, मायेनं, पाठीवर हात फिरवून गेली. दारात वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलात. आज बोलले तरी." मी मान हलवली. स्कूटर सुरू केली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जेवून घ्या." नंतर भांडली, तो भाग वेगळा. पण ते सगळं कीबोर्डवाल्याच्या नावानं.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. मागं मंगल कार्यालयातली सनई आणि साउंडवाल्याचं 'चेक, चेक' ऐकू येत होतं. आधी तो बराच वेळ मूतखड्याचं बोलला. मी शिव्या देईन म्हणून घाबरला होता. शेवटी आवाज खाली करून म्हणाला, "अण्णा खुशीत हायत. महिनाभर रियाज केला म्हणत्यात. काळी दोन म्हणून यादीत लिवलंय. बटण किती ठेवू?"

महिनाभर मी रोज संध्याकाळी अण्णांच्या घरावरून मुद्दाम वळसा घालून जात होतो. खिडकीतून रियाज ऐकू यायचा. कुठं अडतोय, कुठं धाप लागतेय, हे बाहेर उभ्या माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"चार," मी म्हणालो. "आणि डावा हात जरा जड ठेव."